आधी जाळ करून बघू

कॅम्पातल्या त्या बंगल्याला नंबर आहे, पाटी नाही.
रिबेलो बाईंनी फोनवर खूण सांगितली होती,
फाटकाला निळा डबा,
त्यात पत्रं येत नाहीत, खारी राहतात.

त्रेचाळीस इंची टीव्ही खोक्यात,
आणि भिंतीच्या पोटात साहेबाच्या काळातली आगटी,
वर काळ्या दगडाची फळी.
"तिच्यावर लाव," बाई म्हणाल्या,
"खुर्चीचं तोंड तिकडंच आहे."

अठरा वर्षं मी टीव्ही टांगतोय.
शहापुरात, खडेबाजारात,
वडगावला मागाच्या घरांत, जिथं भिंत दिवसभर थरथरते
आणि नटाखाली रबराची चकती घालावी लागते.
खानापूरकडं चुलीच्या वर लावा म्हणणारे भेटतात.
त्यांना सांगतो, धूर आत गेला की
चित्रातली सगळी माणसं सावळी होतात.
एवढं कळणारा माणूस मी.
तरी भोक आधी पाडलं.

निंगू खाली कागद धरून.
लाल भुकटी पडत होती, विटेची, चांगली,
आणि साडेतीन इंचावर मशीन एकदम पुढं गेलं,
पायरी आहे म्हणून पाय टाकावा आणि नसावी, तसं.
कागदावर काळं पडलं.
काजळी.
"मालक, मेल्लगे!" निंगू ओरडला.
तो घाबरला की कानडी बोलतो.
मी घाबरलो की गप्प बसतो.

धुराडं भिंतीच्या मागं असेल असं धरून चाललो होतो.
भिंतच धुराडं होती.

बाईंना विचारलं, ही पेटवता का?
"अकरा वर्षांत नाही."
मग पुढं?
"पेटवणार नाही असं मी कुठं म्हटलंय?"

म्हटलं, मग आधी जाळ करून बघू.

नळीत विजेरी मारली. काठी घातली.
काड्यांचं घरटं खाली आलं, रिकामं,
त्यात एक चंदेरी चॉकलेटचा कागद.
मागच्या शेडमधून फणसाची फाटी आणली.
पहिला धूर खोलीत आला, बाई खोकल्या, हसल्या,
मग धुराला वाट आठवली.
आणि फळीच्या वर, माझ्या भोकातून,
शिवणाच्या दोऱ्याएवढा धूर
सरळ छताकडं निघाला.
कुणी काही बोललं नाही.

हाताची पालथी बाजू भिंतीला लावत राहिलो.
पंधरा मिनिटांनी कोमट.
अर्ध्या तासानं तापातल्या पोराचं कपाळ.
तासाभरानं हात मागं घेतला.
बाई त्या खुर्चीत बसल्या नव्हत्या,
तिच्या शेजारी उभ्या होत्या,
पाठीवर हात ठेवून,
आत कुणी बसलेलं असावं तसा.

"दोन्हीपैकी एक," मी म्हटलं.
"इथं टीव्ही लावायचा तर ही कायमची बंद.
वायर ह्या नळीतून तर मुळीच नाही."
बाईंनी न बघताच डावीकडची भिंत दाखवली.

ती भिंत भरीव निघाली.
चार अँकर, ब्रॅकेट, बुडबुडा बरोबर मध्ये.
खाली लावला, बसलेल्या माणसाच्या डोळ्यासमोर.
मान वर करून कळस बघावा,
बातम्या कशाला?
खुर्ची फिरवायला निंगूनं हात घातला
तर बाई म्हणाल्या, "ती असू दे तशीच."
स्वयंपाकघरातून वेताची दुसरी आणली.

टीव्ही चालू करून दाखवला.
रिमोटचं प्लास्टिक त्यांनी काढू दिलं नाही.
आवाज शून्यावर नेला.
"विझवू का?" निंगूनं आगटीकडं बघून विचारलं.
"तू जा, बाळा."

पैसे चार भोकांचे घेतले.
पाचव्यात चुना आणि विटेची भुकटी कालवून भरली,
अंगठ्यानं दाबली.
तिसऱ्या रेल्वे गेटला गाडी थांबली तेव्हा लक्षात आलं,
ठसा पुसायचा राहिला.
रंगही जुळलेला नाही.
एकदा जावं लागेल.